सोमवारचा फळा

धान कापून झालं की आमच्या भागातली जमीन एकदम मोकळी दिसायला लागते, आणि ती मोकळी दिसली की माझं डोकं तापतं. थंडीत लोकांचे सांधे धरतात, माझा राग वर येतो. दहा वर्षं झाली, एक हिवाळा चुकलेला नाही.

मी रोज भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याला शाळेत शिकवायला येते. परवा एस.टी.तून उतरले तर रस्त्याकडेच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, बांबूचे चार दांडे रोवलेले दिसले. दोन या टोकाला, दोन त्या टोकाला. धानाचे खुंट पायाला टोचतात म्हणून गावातली तरणी मंडळी फावड्यानं जमीन खरडत होती. त्यांतला एक जण म्हणाला, "मॅडम, इतवारी फुटबॉलची मॅच आहे, येजा पाह्यले." मी "बघू" म्हटलं आणि तोंड फिरवून शाळेकडे चालायला लागले. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, बाई फार कडक आहे. आता त्याला काय सांगू, की एकेकाळी ही बाई सहा संघांतल्या सगळ्या खेळाडूंच्या पायांचं पंचांग तोंडपाठ सांगत होती, आणि त्याच विद्येनं तिनं आपल्या घराला चूड लावली!

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. आम्ही तेव्हा तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरीच्या अलीकडच्या एका लहान गावात राहत होतो. टेकडीपलीकडे मँगनीजची एक छोटी खाण होती. आता ती बंद पडली आहे, नावही कुणी काढत नाही. घरात बाबा, माय, माझा मोठा भाऊ सुधाकर आणि मी, मंदा. मी मॅट्रिक होऊन डी.एड.ला नंबर लागायची वाट बघत घरी बसले होते. बसले होते म्हणायचं आपलं. धानाच्या दिवसांत आमच्याकडे देवही बसत नाही. कापणी, भारे बांधणं, खळ्यावर टाकणं, मळणी, उफणणं, आणि हे सगळं करून वर चूल. त्या हंगामाचा वास अजून माझ्या नाकात आहे. पितळेच्या मोठ्या गुंडात, म्हणजे हंड्यात, उकडलेलं धान, दवानं भिजलेली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि दादा संध्याकाळी सायकल लावून आत आला की त्याच्या कपड्यांतून येणारा खाणीच्या काळ्या धुळीचा वास. माय म्हणायची, "हा पोरगा न्हाला तरी पाणीच काळं होते, हा नाही गोरा होत."

दादा खाणीत होता तो फुटबॉलमुळे. आसपासच्या खाणींचे साहेब लोक या खेळाचे फार शौकीन. सहा संघ होते. बालाघाटचा गोलकीपर आण, नागपूरचे हाफ बॅक आण, असं चालायचं, आणि या पगारी खेळाडूंना खाणीत बदली कामगार म्हणून लावून घ्यायचे. बदली म्हणजे कायमचा माणूस आला नाही तर त्या दिवसापुरतं काम. हंगाम संपला की कायम करायच्या माणसांची यादी लागायची आणि तिच्यात दोन-तीन नावं चांगल्या खेळाडूंची असायची. दादा राइट आउट होता, मैदानाच्या उजव्या कडेनं पळणारा. आमच्या गावातून त्या संघात गेलेला तो एकटाच. तीन हंगाम त्यानं बदलीत काढले होते. या वेळी यादीत सुधाकरचं नाव लागणार, असं सगळी खाण म्हणत होती. नाव लागलं की राहायला क्वार्टर मिळणार होतं, मायच्या दम्याला खाणीचा दवाखाना मिळणार होता, आणि बाबांना म्हातारपणी दुसऱ्याच्या बांधीत वाकावं लागणार नव्हतं. आमच्या घरातली सगळी बोलणी तेव्हा "दादाचं नाव लागलं की" या शब्दांनीच सुरू व्हायची.

त्या खाणीवर एक चाळा होता. तो मी पुढे कुठे पाहिला नाही. हंगामाच्या सुरुवातीला जो तो आपली "कागदाची अकरा" करायचा. सहा संघांतून आपल्याला पसंत पडतील ते अकरा गडी निवडायचे, कागदावर लिहायचे आणि कँटीनच्या डब्यात चिठ्ठी टाकायची. रविवारच्या सामन्यात तुमच्या गड्यानं गोल केला की तुम्हाला गुण, तुमच्या गोलकीपरनं गोल खाल्ला की तुमचे गुण कमी. दर सोमवारी एकच गडी बदलायची मुभा. त्यामुळे रविवारचा सामना संपला की खरा सामना सुरू व्हायचा. याला ठेवू का त्याला सोडू? त्याचा घोटा सुजला म्हणतात, खरं का? बालाघाटवाला घरी गेला आहे, रविवारपर्यंत परत येईल का? ज्यांनी जन्मात बॉलला पाय लावला नव्हता ते ड्रिलवाले आणि स्फोटवाले चहाच्या कपावर असे वाद घालायचे की कपातला चहा निवून त्यावर साय धरायची.

या सगळ्यांचा निवाडा करायला कँटीनच्या भिंतीला एक फळा होता. सोमवारी दुपारी त्यावर खेळाडूंची नावं आणि प्रत्येकापुढे येत्या रविवारचं भाकीत. भाषा आमची, धानाची. "दाणा भरला" म्हणजे डोळे मिटून ठेवा. "दुधात आहे" म्हणजे अजून दोन आठवडे थांबा. "पोचट" म्हणजे नुसतं टरफल, सोडून द्या. साहेब बंगालकडचे होते, तेही हे शब्द शिकले होते आणि फळ्यापुढे उभे राहून मोठ्यानं वाचायचे. हंगामअखेर ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला फायनलनंतरच्या रविवारी दोस्तीच्या सामन्यात साहेबांच्या शेजारी खुर्ची मिळायची आणि सामन्याची पहिली लाथ मारायचा मान. लाथ मारण्यात मान असतो हे मला तेव्हाच कळलं.

बायांना कँटीनमध्ये कोण बसू देणार? बाया तलावाच्या पाळीवर बसायच्या. मैदान त्या पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पायथ्याशी होतं, त्यामुळे खालच्या खुर्च्यांवरून साहेबांना दिसायचं नाही ते आम्हाला वरून दिसायचं. शेजारची गिरजाकाकी माझ्या बाजूला. तिला गोल म्हणजे काय ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण माणसं कळायची. "त्या नागपूरवाल्याले पाह्य वं, मंदे. बायकोशी भांडून आला वाटते. बॉल सोडून माणसायले लाथा मारून राहिला." मी हसायचे आणि पुढच्या सामन्यात पंच त्याला बाहेर काढणार हे मनात टिपून ठेवायचे.

खेळ मला दादानंच शिकवला. सामन्याच्या संध्याकाळी तो अंगणात बसायचा, सूप पुढे ओढायचा आणि त्यावर लाखोळीचे दाणे मांडायचा. "हा मी. हा त्यायचा बॅक. आता हा इकडे आला तर जागा कुठी झाली, सांग." मी बोट ठेवायची. बरोबर असलं की तो मान हलवायचा, चूक असलं की सगळे दाणे पुन्हा मांडायचा. माय ओरडायची, "माही डाळ सांडून राहिले दोघं!" त्या एका हिवाळ्यात मी इतकं शिकले की कोणता गडी कोणत्या पायावर भार टाकतो, कोण तिसाव्या मिनिटाला दमतो, कोणाला घरचं पत्र आलं की दोन गोल होतात, हे सगळं एका वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवायला लागले.

फळा लिहायचा मनोहर. खाणीच्या टाइम ऑफिसात कारकून, मूळचा तुमसरचा, अक्षर छापल्यासारखं. दादाचा मित्र म्हणून तो आमच्याकडे यायचा, अंगणात खाटेवर बसून कोरा चहा प्यायचा. सुरुवातीला मी त्याला मनोहरभाऊ म्हणायची. एक दिवस मायनं मला आत बोलावून हळूच सांगितलं, "आता त्याले भाऊ भाऊ म्हणू नोको वं. बरं नाही दिसत." त्या दिवसापासून मी त्याला काहीच म्हणेनाशी झाले. चहा पुढे करताना नुसतं "हं" म्हणायची. त्या "हं"मध्ये किती काय होतं, ते माझं मला माहीत.

एकदा त्यानं फळ्यासाठी दादाला काही विचारलं आणि दादा हसत म्हणाला, "मले कायले विचारतं? हिले विचार. हिची वही पाह्य." मनोहरनं वही चाळली. त्याच्या भुवया वर गेल्या. "हे तू लिहिलं? तू तर कमाल करून राहिली, मंदा!" कुणी पहिल्यांदाच माझ्या डोक्याचं कौतुक केलं होतं. डोळ्यांचं, केसांचं नव्हे, डोक्याचं. मी तिथंच विरघळले. मग ठरूनच गेलं. रविवारी संध्याकाळी तो वही न्यायचा, सोमवारी माझी वाक्यं त्याच्या सुरेख अक्षरात फळ्यावर. डब्यातली त्याच्या नावाची अकराही माझीच. लोक म्हणायला लागले, मनोहरबाबूचा फळा चुकत नाही. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझं नाव कुणी घेतलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. उलट पाळीवर बसून मी मनात म्हणायची, बघा, माझा माणूस कसा मोठा होतोय. आता आठवलं की स्वतःच्या मुस्कटात द्यावीशी वाटते. पहिला घाव तिथंच बसला होता, मला तो गुदगुल्या वाटला.

पाचव्या रविवारी दादा पडला. उठला, पुन्हा पळाला, कुणाला काही वाटलं नाही. मला पाळीवरून दिसलं की तो त्यानंतर उजव्या पायावर एकदाही वळला नाही. संध्याकाळी सायकल हातात धरून चालत घरी आला. गुडघा फणसाएवढा. मी मोहाच्या बियांचं तेल कोमट करून चोळायला बसले. बोट दाबलं की आत पाणी हलल्यासारखं व्हायचं. दादा ओठ आवळून छपराकडे बघत होता.

"कोणाले सांगजो नोको," तो म्हणाला. "मायलेबी नाही. दोन मॅची राहिल्या. यादी लागेपर्यंत ढकलतो कसाबसा."

"अन् मनोहर?"

"कोणालेच नाही म्हटलं ना."

पुढच्या रविवारी त्यानं त्याच गुडघ्यावर दोन गोल केले. अख्खं मैदान नाचलं. गिरजाकाकीनं माझ्या पाठीत धपाटा घातला, "तुहा भाऊ गेला वं क्वार्टरमधे!" सगळे त्याचे गोल बघत होते आणि मी त्याचा उजवा पाय बघत होते. दुसरा गोल करताना तो डाव्या पायावर पूर्ण वर्तुळ फिरला होता. जे एका पावलाचं काम, त्याला चार पावलं घेतली. फायनलमध्ये समोर चांगला बॅक असला तर त्याला चार पावलं कुणी घेऊ देणार नव्हतं.

आता मी जे केलं ते सांगते. इतकी वर्षं सांगितलं नाही.

मी वही उघडली आणि लिहिलं. "सुधाकर, राइट आउट. ओलं धान. काट्यावर भारी, कोठीत हलकं. गुडघ्यात पाणी. सोडा." ओल्या धानाचं वाक्य बाबांचं. बाजारात कुणाचं धान जास्त वजनदार लागलं, बैल दिसायला फार धष्टपुष्ट असला, एखादा पाहुणा फार गोड बोलला, की बाबा हेच म्हणायचे. आमच्या घराबाहेर ते मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मी ते का लिहिलं? खरं असेल ते लिहिल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं, हे एक कारण. दुसरं कारण असं की मला जिंकायचं होतं. मनोहरच्या नावाची माझी अकरा पहिल्या नंबरापेक्षा दोनच गुणांनी मागे होती आणि फायनलमध्ये दादाच्या पायावर भरवसा ठेवून ती जिंकणार नव्हती. मी माझ्या भावाला माझ्या अकरातून काढलं. पेन्सिलीच्या एका रेघेनं.

त्या संध्याकाळी मनोहर आला तेव्हा मी ते पान दुमडून त्याला दाखवलं. "हे फळ्यावर लिहू नका. चिठ्ठीत फक्त गडी बदला. यादी लागू द्या आधी, त्याच्या पोटावर पाय येईल."

तो पान वाचत राहिला. मग माझ्याकडे बघून हसला. "एवढंबी समजत नाही का मले? माह्यावर भरोसा नाही का?"

"आहे," मी म्हटलं. काय सांगू, होताच भरोसा. केसानं गळा कापणारा माणूस हातात केस घेऊनच हसत असतो, हे मॅट्रिकच्या पुस्तकात नव्हतं.

सोमवारी दुपारी मी दादाचा डबा घेऊन खाणीवर गेले. कँटीनपुढे नेहमीपेक्षा जास्त गर्दी. गर्दीच्या खांद्यांमधून मला फळा दिसला आणि माझे पाय तिथंच थांबले. माझं वाक्य जसंच्या तसं होतं. ओलं धान. काट्यावर भारी, कोठीत हलकं. गुडघ्यात पाणी. सोडा. अक्षर इतकं सुंदर की लांबूनही वाचता येत होतं. साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते, त्यांच्या शेजारी मनोहर, आणि साहेब त्याला काहीतरी विचारत होते. फळ्याच्या अगदी समोर दादा उभा होता. तो वाचत होता. एकदा वाचून पुन्हा वाचत होता.

मग तो वळला आणि माझ्याकडे आला. भिंतीच्या सावलीत बसून त्यानं डबा उघडला. भात आणि लाखोळीची डाळ होती. शेवटच्या शितापर्यंत जेवला, नळावर डबा धुतला, पुसून माझ्या हातात दिला. "मायले सांगजो, मीठ बरोबर होतं," एवढंच म्हणाला. तो आपल्या चालीनं, पाय लपवत, शेडकडे निघून गेला. आता लपवून काय उपयोग होता? सगळी खाण त्याच्या गुडघ्याकडेच बघत होती.

त्याच संध्याकाळी खाणीच्या डॉक्टरनं गुडघा दाबून पाहिला. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, दोन आठवडे विश्रांती घे म्हणाले. फायनलला त्याच्या जागी दुसरा उतरला. यादी लागली तेव्हा तिच्यात त्या दुसऱ्याचं नाव होतं. आमच्या घरातली "दादाचं नाव लागलं की"नं सुरू होणारी बोलणी एकदम बंद झाली. बोलायला विषयच उरला नाही. बाबा खळ्यावर उरलेलं धान उफणत राहिले.

मनोहर मला तलावाच्या वाटेवर भेटला. सायकल थांबवून उभा राहिला. मी विचारलं, "काहून लिहिलं?" त्याच्याशी मी पहिल्यांदाच गावाच्या बोलीत बोलले असेन, एरवी त्याच्यापुढे मी पुस्तकातलं बोलायचा प्रयत्न करायची.

"साहेबानंच विचारलं, राइट आउट का क्या? आता एवढा मोठा माणूस विचारून राहिला तर काय सांगू, मालूम नाही म्हणू? आपल्या फळ्याची इज्जत आहे, मंदा."

"तुमच्या फळ्याची इज्जत. अन् माह्या दादाची नोकरी?"

"मी खोटं काय लिहिलं, ते सांग. तूच लिहिलं होतं ना?"

असं वाक्य की त्यात एक शब्द खोटा नाही आणि तरी ते बोलणाऱ्याला माणसात जागा नसावी. मी त्याच्या सायकलच्या पुढच्या चाकाला लाथ मारली आणि घरी आले.

फायनलनंतरचा तो दोस्तीचा सामना मी पाळीवर बसून पाहिला. न जाण्याइतकी मी शहाणी नव्हते. मनोहर साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता, नवी पँट, पायात चपला. पहिली लाथ त्यानं अशी मारली की चप्पल पुढे आणि बॉल बाजूला. पाळीवरच्या बाया हसून हसून लोळल्या. गिरजाकाकीनं माझ्याकडे पाहिलं आणि ती हसायची थांबली. तिला वाटलं, मी भावासाठी रडते आहे. अर्धंच खरं होतं ते.

पुढे महिन्याभरात त्याच्याकडून मागणं आलं. मी नाही म्हटलं. माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "एवढा चांगला पोरगा, काहून नाही म्हणतं, कारण तरी सांग!" कारण सांगायचं तर वहीचं सांगावं लागलं असतं आणि वहीचं सांगायचं तर पेन्सिल कुणाच्या हातात होती तेही. मी म्हटलं, "मले शिकायचं आहे." माझा डी.एड.ला नंबर लागला, मी भंडाऱ्याला आले. लग्न पुढे झालं, भल्या माणसाशी झालं. दादानं दोन वर्षं बांधीत काढली. मग गुडघा चिखलात टिकेना, तेव्हा भंडाऱ्यालाच पितळी भांड्यांच्या कारखान्यात घासून चमक द्यायच्या कामाला लागला. बसून करायचं काम. रविवारी तो माझ्याकडे जेवायला येतो, माझ्या मुलांना पाठीवर घेतो. त्या हंगामाबद्दल आम्ही दोघांनी कधी अवाक्षर काढलं नाही.

मी स्वतः रोज फळ्यावर लिहिते. वर्गप्रमुखाला सांगून ठेवलं आहे, गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची नाहीत. मुख्याध्यापक म्हणतात, "मॅडम, सगळ्या शाळेत लिहितात." लिहू दे सगळ्या शाळेत.

गेल्या वर्षी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर मनोहर भेटला. अंगानं सुटला होता, सोबत बायको, हातात मिठाईचा डबा. मला वाटलं होतं, असा कधी समोर आला तर त्याची नजर खाली जाईल. कसलं काय! दुरूनच हात हलवत आला, बायकोला म्हणाला, "ही मंदा. आमच्या खाणीवर फुटबॉल होता ना, मी फळा लिहीत होतो, पहिली लाथ मारली होती साहेबासमोर, सांगतलं नव्हतं का तुले?" मग माझ्याकडे वळून, "सुधाकर कसा आहे? चांगला खेळायचा पोरगा. मधेच काहून सोडलं त्यानं?" त्याला आठवतच नव्हतं. मी दहा वर्षं ज्याचं ओझं वाहिलं, ते त्यानं तिथल्या तिथं खाली ठेवलं होतं. "बरा आहे," मी म्हटलं आणि माझी गाडी नसतानाही एका गाडीत चढले. पुढच्या थांब्याला उतरून परत चालत आले. त्या वाटेवर मी त्याला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या मला येतात हेच मला ठाऊक नव्हतं.

काल रविवार होता. जेवण झालं आणि दादा हात पुसत म्हणाला, "कारध्याले मॅच आहे म्हणते. चाल, पाहून येऊ." मी कपडे वाळत घालायचे आहेत म्हटलं, भांडी आहेत म्हटलं. तो दारात चपला घालून उभाच. शेवटी गेलो. बांधावर तणशीची एक पेंढी टाकून दोघं बसलो. खेळ अगदीच गावठी होता, चौदा गडी एका बॉलमागे. दादा मात्र मन लावून बघत होता. मधेच "अरे, मोकळा आहे तो, त्याले दे!" म्हणून ओरडायचा. त्याचा उजवा पाय त्यानं लांब पसरून ठेवला होता. तो आता वाकतच नाही.

मला एकाएकी राहवेना. मी म्हटलं, "दादा, त्या फळ्यावरचं मनोहरनं लिहिलं, पण ते वाक्य माहं होतं."

"मालूम आहे," तो मैदानाकडे बघतच म्हणाला. "ओलं धान आपल्या घराबाहेर कोण म्हणते? त्याच दिवशी समजलं."

"मी त्याले लिहू नोको म्हटलं होतं. त्यानं दगा दिला मले."

"दिला असंल."

"अन् मी माह्या अकरातून तुले काढलं होतं. मीच."

"ते तं बरोबरच केलं. मीबी मले काढलं असतं. फायनलमधे मी दहा मिनिटं नसतो टिकलो." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाला, "पण एक सांग, मंदे. मी तुले गुडघा दाखवला होता. तुनं मले ते पान काहून नाही दाखवलं? मनोहरले दाखवलं, मले नाही. मले दाखवलं असतं तं मी सोताच साहेबाकडे गेलो असतो. फळ्यावरून नसतो समजलो."

दहा वर्षं मी वाट बघत होते की कुणीतरी माझ्यापुढे येऊन एकदा "चुकलं" म्हणावं. पानांमागून पानं मी मनात मनोहरसाठी भांडण लिहून ठेवलं होतं. शेजारी बसलेल्या या माणसानं कधी कुणाची वाट पाहिली असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. दर रविवारी तो माझ्या घरी जेवत होता, आणि मी त्याला भात वाढत होते.

"चुकलं माहं, दादा," मी म्हटलं.

नाही गं, जाऊ दे, असं काहीतरी तो म्हणेल असं मला वाटलं. त्यानं पसरलेल्या पायावरचं धोतर सारखं केलं.

"होय," तो म्हणाला. "चुकलं."